डाव्या मनगटावरचा बाप

यापुढे कोणालाही पूर्वतयारीशिवाय आईबाप होता येणार नाही, असे परिपत्रक निघाले तेव्हा माझ्या बायकोला पाचवा महिना लागला होता. परिपत्रक पूर्वलक्षी प्रभावाने लागू असल्यामुळे ते निघण्याआधीच आम्ही नियमभंग करून बसलो होतो. तो सातव्या महिन्याच्या आत दुरुस्त करणे बंधनकारक होते. न केल्यास दोघांपैकी कोणालाच बालसंगोपन रजा मिळणार नव्हती. पूर्वतयारी म्हणजे पालकत्व केंद्रातून एक यांत्रिक बाळ घरी न्यायचे, सात दिवस सांभाळायचे आणि आठव्या दिवशी मूळ स्थितीत परत करायचे. मूळ स्थितीत परत करण्याची सोय खऱ्या बाळाच्या बाबतीत का नाही, असे मी तेव्हा गमतीने म्हणालो होतो. आता म्हणत नाही.

माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. मी लिफ्ट निरीक्षक आहे. लिफ्टमध्ये आरशाच्या वर एक चौकट लावलेली असते, ‘तपासणी केली, सुरक्षित आढळली’. तिच्याखालची सही माझी. अकरा वर्षांत चार हजारांवर लिफ्ट मला सुरक्षित आढळल्या आहेत. प्रत्येक लिफ्टमध्ये प्रत्यक्ष चढून पाहायचे म्हटले तर सह्या करायला वेळ कधी मिळणार, हा प्रश्न आमच्या खात्याने माझ्या नेमणुकीपूर्वीच निकालात काढलेला आहे. मी स्वतः जिना वापरतो.

बायको पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ आहे. तिचा स्वभाव माझ्या अगदी उलट. बाटलीवर ज्या तारखेची चिठ्ठी असेल त्याच तारखेला त्या बाटलीत पाणी भरलेले असावे, असा तिचा हट्ट असतो. हातमोजे घातले की काचनळीचा अंदाज येत नाही म्हणून ती ते काढून काम करते, आणि सिल्व्हर नायट्रेटचे तपकिरी डाग तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर कायमचे वस्तीला असतात. डाव्या हाताच्या, कारण ती डावखुरी आहे. हे दोन्ही तपशील पुढे लागणार आहेत, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

तिच्या प्रयोगशाळेतले मुख्य रसायनज्ञ निवृत्त होत होते. त्यांच्या जागी हिचे नाव पहिले होते. अट एवढीच की बाळंतपणानंतर तीन महिन्यांत हजर व्हायचे. नाही झाली तर जागा यादीतल्या दुसऱ्या माणसाला जाणार होती. त्या दुसऱ्या माणसाने मुख्य रसायनज्ञांची खुर्ची स्वतःच्या पायांच्या मापाने खाली-वर करून ठेवलीसुद्धा होती. तेव्हा नऊ महिन्यांची रजा घेऊन बाळाजवळ घरी कोण राहणार, हा प्रश्न होता. म्हणजे तिच्यापुढे होता. माझ्यापुढे नव्हता, कारण त्याचे उत्तर मला माहीत होते.

“तू मुख्य झालीस तर मला आनंदच आहे,” मी तिला म्हणालो होतो. “फक्त बाळाचं तेवढं बघ.”

“यातलं ‘फक्त’ कशाला म्हणालास?” तिने विचारले.

प्रयोगशाळेतल्या माणसांना शब्दाशब्दाची चिरफाड करायची खोड असते. मी विषय वाढवला नाही.

केंद्रात आम्हाला बाळ देण्याचे काम भांडारपालांकडे होते. मागे मांडणीवर सात-आठ बाळे पालथी ठेवलेली होती, प्रत्येकाच्या पायाला क्रमांकाची चिठ्ठी. त्यांनी एक उचलून टेबलावर ठेवले आणि वहीतून वाचायला सुरुवात केली.

“बाळ, नग एक. वजन सव्वातीन किलो. कपडे दोन जोड, लंगोट सहा, बाटली एक. नाकावर ओरखडा आहे, तो आधीचा आहे. सही करा.”

“मुलगा आहे की मुलगी?” बायकोने विचारले.

“नग आहे,” भांडारपाल म्हणाले. मग त्यांनी खणातून दोन रबरी पट्ट्या काढल्या. “निळी बापाची, पिवळी आईची. मनगटावर बांधायची. बाळाच्या पाठीत यंत्र आहे. ज्या पट्टीचा हात लागेल त्याच्या नावावर काम लागतं. दूध, ढेकर, लंगोट, झोपवणं, मानेला आधार, सगळं. शेवटी दोघांना वेगवेगळे गुण मिळतात.”

त्यासोबत बेचाळीस पानांची नियमपुस्तिका होती. शेवटच्या पानावर दोघांच्या सह्यांसाठी जागा होती. मी ते पान उघडून सही केली आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. बायको बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचत होती. पाऊण तास झाला. बाळ माझ्या काखेत होते. भांडारपालांनी दोनदा ओरडून त्याची मान कुठल्या बाजूला असते ते सांगितले. मध्येच एका पानावर ती थांबली, ते पान तिने पुन्हा वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“तू हे वाचलंस?”

“सही केली ना.”

“मी ते नाही विचारलं.”

“अगं, सगळ्यांचं तेच असतं त्यात,” मी म्हणालो. तिने शेवटचे पान उघडून सही केली.

पहिल्या संध्याकाळी निळी पट्टी माझ्या मनगटावर पूर्ण पंचवीस मिनिटे होती. मग मला आंघोळीला जायचे होते. पट्टी पाण्यात खराब झाली तर भांडारपालांना काय उत्तर द्यायचे, या जबाबदारीच्या भावनेतून मी ती बायकोकडे दिली. तिच्या उजव्या मनगटावर तिची स्वतःची पिवळी होती, म्हणून निळी मी माझ्या हाताने तिच्या डाव्या मनगटावर बांधली. “पाचच मिनिटं,” मी म्हणालो.

त्यानंतर मी पट्टी परत मागितली नाही असे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारले, “देतेस का ती?” ती म्हणाली, “घे ना, सोडव.” पण तेव्हा तिच्या डाव्या हातावर बाळाचे डोके होते, आणि बाळ घेऊन बसलेल्या बाईला उगाच हलवणे मला प्रशस्त वाटले नाही. पुढे तिचा हात मोकळा झाला तेव्हा माझ्या हातात वर्तमानपत्र होते. तिसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

यंत्र भलतेच हट्टी होते. दर दीड-दोन तासांनी ते भोकाड पसरायचे, आणि भूक, ओले, ढेकर की नुसताच कंटाळा, हे ओळखून योग्य ते करीपर्यंत थांबायचे नाही. बायको उजव्या हाताने बाटली धरायची आणि डाव्या हाताने बाकी सगळे करायची. दिवसा ती त्याला पिशवीत घालून प्रयोगशाळेत न्यायची. स्वतःचे पाच महिन्यांचे पोट पुढे आणि तो सव्वातीन किलोचा नग काखेत, अशी ती जिना चढताना मला दिसायची. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. मी तिला विश्रांती घेण्याबद्दल दोनदा स्पष्ट शब्दांत सांगितले, दोन्ही वेळा सोफ्यावरून.

माझी आई आमच्याकडेच असते. बाळ रडले की ती आपल्या खोलीच्या दारात येऊन म्हणायची, “अगं, रडतंय ते. बघ ना.” सात दिवसांत हे वाक्य तिने दोनशे वेळा तरी म्हटले असेल आणि त्यातले एकही माझ्या दिशेने आले नाही. माझ्याकडे वळली की तिचा सूर वेगळा व्हायचा. “तुला काय अवघड आहे रे? तुझे वडील तुला खांद्यावर टाकून रात्र-रात्र फेऱ्या घालायचे. रक्तातच आहे तुझ्या.” ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ऐकली की मला अजूनही भरून येते. तेव्हाही आले, आणि त्या भरात मी झोपलो.

आठव्या दिवशी भांडारपालांनी बाळाच्या नाकावरचा ओरखडा भिंग लावून पाहिला, तो तोच असल्याची नोंद केली आणि पाठीतला अहवाल छापून केंद्रप्रमुख बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

“वडील, शंभरपैकी त्र्याण्णव,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. “सात दिवसांत एकशे नऊ लंगोट. मानेला एकदाही हिसका नाही. या खात्यात येण्यापूर्वी मी सतरा वर्षं पशुसंवर्धनात काढली. तिथंसुद्धा असा बाप पाहिला नाही.”

“आणि आई?” बायकोने विचारले.

“एकेचाळीस.” बाईंनी तिच्याकडे जरा नाराजीने पाहिले. “बाटली नुसती धरलीय तुम्ही. शेरा काय आलाय पाहा. ‘बाळाच्या डोक्याला आधार देण्याबाबत निरुत्साह. ढेकर काढताना केवळ मदतनिसाची भूमिका. वडिलांवर विसंबून राहण्याकडे कल.’ नापास नाही केलं यंत्रानं, पण लक्ष द्या.”

मी तेव्हाच खरे सांगायला हवे होते का? मी त्यावर विचार केला. पण अहवाल छापील होता, खाली शिक्का होता, आणि शिक्का मारलेल्या गोष्टीत ढवळाढवळ करणे माझ्या खात्याच्या शिस्तीत बसत नाही. शिवाय पट्टी माझी होती. हात तिचा असला तरी नाव माझे होते, आणि सगळ्या सरकारी कामात शेवटी नावच पाहतात. घरी पोहोचेपर्यंत माझी खात्री पटत आली होती की त्या एकशे नऊपैकी निदान पन्नास तरी मी बदलले असणार.

आईने अहवाल मोठ्याने वाचून दाखवला आणि बायकोला म्हणाली, “बघ बाई, शीक काहीतरी त्याच्याकडून. उद्या खरं येईल तेव्हा काय करशील?”

“हो आई,” बायको म्हणाली आणि हसली. मला वाटले, खजील होऊन हसली.

यश लपून राहत नाही. आमच्या साहेबांनी कार्यालयात माझा सत्कार ठेवला आणि त्याला जोडून माझे व्याख्यान, विषय ‘बाप होताना’. मी चाळीस मिनिटे बोललो. बाळ रडले की घाबरून जाऊ नये, मी स्वतः सात दिवसांत एकदाही घाबरलो नाही, असे मी सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या. थकवा हा मनाचा खेळ आहे, मला तो जाणवलाच नाही, या वाक्यालाही पडल्या. ती दोन्ही वाक्ये अक्षरशः खरी होती.

छायाचित्रासाठी केंद्राने तोच नग पाठवला होता. मी तो दोन्ही हातांनी उंच धरला, चषक धरतात तसा. त्याची मान मागे पडली आणि त्याने असा काही टाहो फोडला की साहेबांच्या हातातला पुष्पगुच्छ खाली पडला. मी घाबरून जाऊ नये, असे स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बायको उठून आली, माझ्या मागे उभी राहिली आणि तिने आपला डावा हात पुढे करून बाळाच्या मानेखाली दिला. रडणे बंद. छायाचित्रकाराने नेमका तो क्षण टिपला.

पुढे त्याचे भित्तिपत्रक झाले. चौकटीत बसावे म्हणून बायकोला कापावे लागले. माझा हसरा चेहरा, बाळ, आणि बाळाच्या मानेखाली तपकिरी डागांचा एक हात. वर लिहिले होते, ‘बाप असावा तर असा’. शहरातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये, माझ्या सहीच्या शेजारी, ते लागले. लोक मला भेटून म्हणायचे, “साहेब, हातावरूनच कळतं हो, राबणारा माणूस आहे.” अशा वेळी मी माझे हात खिशात ठेवत असे.

आठव्या महिन्यात केंद्राचे पाकीट आले. मला वाटले, दुसऱ्या सत्काराचे निमंत्रण असेल. आत आदेश होता. नियम चौदा अन्वये, ज्या पालकाचे गुण अधिक तो ‘मुख्य पालक’ ठरतो. बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर मुख्य पालकाने सलग नऊ महिने बालसंगोपन रजा घेऊन घरी राहणे सक्तीचे आहे. दुसऱ्या पालकाच्या कमी पात्रतेमुळे बाळाचे नुकसान होऊ नये म्हणून त्याने त्या दिवशी आपल्या कामावर हजर व्हावे आणि कार्यालयीन वेळेत बाळापासून शक्यतो लांब राहावे. खाली लिहिले होते की माझ्या लिफ्ट या काळापुरत्या एका कनिष्ठ निरीक्षकाकडे दिल्या आहेत. तो प्रत्यक्ष लिफ्टमध्ये चढून पाहतो, असे मी ऐकून होतो.

माझी पाचावर धारण बसली. नऊ महिने! सकाळपासून संध्याकाळपर्यंत! मी बायकोपुढे कागद धरला. ती बाळासाठी दुपटी घड्या करून ठेवत होती.

“हे तुला माहीत होतं?”

“पान सव्वीस,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“मी विचारलं होतं, तू वाचलंस का. तू म्हणालास, सही केली.”

“आणि पट्टी? सात दिवस माझी पट्टी हातात घालून फिरलीस, एका शब्दानं…”

“कोणी बांधली होती?” तिने शांतपणे विचारले. मग हातातले दुपटे बाजूला ठेवले. “पहिल्या रात्री मी वाट पाहिली, आंघोळ करून येशील आणि सोडवून घेशील. खरंच पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हटलं, बरं, राहू दे. त्याच्या नावावर सगळं जाऊ दे. काम मीच करणार आहे, तर निदान यावेळी त्याचं फळ तरी नियमाप्रमाणं मिळू दे.”

मला राग आला. तो व्यक्त करण्यासाठी मी बरेच शब्द शोधले, पण प्रत्येक शब्द वळून माझ्याच अंगावर येत होता. दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेलो.

“बाई, माझ्या अहवालात चूक आहे,” मी केंद्रप्रमुखांना म्हणालो आणि माझा कार्यालयातला हजेरीपट पुढे ठेवला. “हे पाहा. ज्या सात दिवसांत मी एकशे नऊ लंगोट बदलले म्हणता, त्यातले पाच दिवस मी दहा ते सहा कचेरीत होतो. सही आहे.”

बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. “दोन्हीवर शिक्का आहे.”

“म्हणूनच म्हणतो, दोन्ही खरे कसे असतील?”

“शिक्का आहे म्हटल्यावर दोन्ही खरेच. आपण दोन्हीकडे होता. त्याशिवाय का त्र्याण्णव मिळतात?”

“मग मला अपील करायचं आहे.”

“जरूर. पण अपील लाभार्थ्यानं करायचं असतं.”

“लाभार्थी कोण?”

“बाळ.”

“ते अजून जन्मलेलं नाही.”

“घाई नाही,” बाई समजुतीने म्हणाल्या. “अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांची मुदत असते.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, “खरं सांगतो बाई. यातलं मी काहीच केलेलं नाही. पट्टी बायकोच्या हातात होती. सगळं तिनं केलं.”

बाईंच्या चेहऱ्यावरचे कौतुक हळूहळू मावळले. मागच्या मांडणीशी उभे असलेले भांडारपालही वळून पाहू लागले.

“म्हणजे न केलेल्या कामावर आपलं नाव लावलंत? हे गंभीर आहे.” त्यांनी खालच्या खणातून एक गुलाबी अर्ज काढला. “सचोटी चौकशी लावावी लागेल. त्यात काय असतं, अर्जदारानं नोकरीला लागल्यापासून केलेल्या सगळ्या सह्या तपासतात.”

“सगळ्या म्हणजे?”

“सगळ्या. आपण लिफ्ट निरीक्षक ना?” त्यांनी पेनाचे टोपण काढले. “आम्हीही सहाव्या मजल्यावर असतो. रोज आपल्याच सहीच्या भरवशावर वर येतो.”

बाहेर लिफ्ट येऊन थांबल्याचा आवाज आला.

“मी आपला विनयानं म्हणालो,” मी म्हणालो. “स्वतःचं कौतुक ऐकलं की मला अवघडल्यासारखं होतं.”

“मला वाटलंच,” बाई म्हणाल्या आणि अर्ज खणात ठेवला. मी जिन्याने उतरलो.

मुलगी झाली. तिचे नाक आईवर गेले, त्यावर ओरखडा नव्हता. पहिले तीन महिने कसे गेले ते बायको सांगू शकेल. मला त्यातले ठळक तेवढे आठवते.

त्र्याण्णवाव्या दिवशी सकाळी बायको मुख्य रसायनज्ञ म्हणून हजर व्हायला निघाली. तिने चपला घातल्या, पिशवी घेतली. मी बाळाला घेऊन दारात उभा होतो.

“काही सांगून तरी जा,” मी म्हणालो.

“चाळीस मिनिटं तूच बोलला होतास ना त्यावर?”

ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. मग परत आली. पिशवी खाली ठेवून तिने माझा हात धरला आणि बाळाच्या डोक्यामागे नेऊन ठेवला. “इथं. बोटं पसर. सगळं वजन इथं असतं,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिने एकदा बाळाच्या टाळूवर ओठ टेकवले आणि झपाझपा खाली गेली. ती गेल्यावर मला पहिल्यांदाच कळले की आजवर त्या डोक्याखाली मी एकदाही आपला हात घालून पाहिला नव्हता.

बाळ रडायला लागले. दूध झाले, लंगोट झाला, ढेकर झाली, रडणे होतेच. नग रडला तर शेवटी गुण जायचे. हिचे कशाने काय जाईल, हे कुठल्या पानावर लिहिलेले नव्हते. सत्कारात मिळालेल्या प्रशस्तिपत्राच्या चौकटीत स्मृतिचिन्ह म्हणून ती निळी पट्टी लावलेली होती. मी काच काढून ती सोडवली आणि, सांगायला लाज वाटते, मनगटावर बांधली. बाळावर त्या पट्टीचा काहीही परिणाम झाला नाही.

आई सवयीने दारात आली. “अगं, रडतंय ते. बघ…” एवढे म्हणून ती थांबली. खोलीत फक्त मी होतो. तिचा तो पहिलाच निरोप मला मिळाला.

“आई, वडील कसे घ्यायचे गं मला?” मी रडकुंडीला येऊन विचारले. “रात्र-रात्र फेऱ्या घालायचे म्हणतेस. कुठल्या खांद्यावर? कसे धरायचे?”

आईने पदराने उगाच चष्मा पुसला.

“ते झोपलेले असायचे रे,” ती म्हणाली. “मीच घालायचे फेऱ्या.”

“मग मला आयुष्यभर…”

“तुला वडिलांचं कौतुक वाटावं म्हणून सांगायचे. त्यांनाही ऐकायला आवडायचं. पुढं पुढं त्यांना खरंच वाटायला लागलं.” ती जवळ आली, बाळाला माझ्याकडून घेतले नाही, पण माझ्या डाव्या खांद्यावर तिने दोनदा थोपटले. “या खांद्यावर घे. आणि चालत राहा, थांबू नको.”

मी चालत राहिलो. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा पावले होतात.

त्याला आता सात महिने झाले. निळी पट्टी मी केंद्राला परत केली. भांडारपालांनी ती मूळ स्थितीत असल्याची नोंद केली. मुख्य रसायनज्ञ बाईंच्या बोटांवरचे डाग आता कमी झाले आहेत, कारण वरच्या खुर्चीवर सह्या जास्त असतात. त्या सह्या ती पाण्याचा नमुना पाहून करते, त्यामुळे रोज उशिरा येते, आणि मी उंबऱ्यावर उभा राहून तिला ‘आज काय उशीर?’ असे विचारतो. लिफ्टमधली माझी भित्तिपत्रके अजून तशीच आहेत. कनिष्ठ निरीक्षकाने तीनशे लिफ्ट बंद केल्या आहेत, त्यामुळे ती फारशी कोणी पाहत नाही.

ही गोष्ट मी एका हाताने लिहिली आहे. दुसऱ्या हातावर मुलगी आहे. ती वीस मिनिटे झोपली की एक परिच्छेद होतो, आणि आजवर दोनदा तिने कागद खाल्ला. एवढे लिहायला मला चार महिने लागले.

तुम्ही मात्र ती एका बैठकीत वाचली असेल. मध्ये कोणी रडले नाही, दूध उतू गेले नाही, दाराची घंटा वाजली तरी उठावे लागले नाही. माझ्यावर हसलाही असाल, त्याला माझी हरकत नाही. पण घर इतका वेळ आपोआप शांत राहत नाही, एवढे मी आता अनुभवाने सांगू शकतो. तेव्हा हे खाली ठेवा आणि तुमची निळी पट्टी कोणाच्या मनगटावर आहे, ते एकदा आत जाऊन बघा. ते माणूस जागेच असेल.